'ब्रेक ऑइल'ची निवड : निकषांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना
द्रवचलित ब्रेकमध्ये चालकाच्या पायाचा दाब द्रवामार्फत चाकांपर्यंत पोहोचतो. द्रव सहसा दाबला जात नाही. मात्र तो उकळून वाफ झाली की वाफ दाबली जाते आणि पेडल निष्फळ ठरते. म्हणून द्रवाची निवड हा जीविताचा प्रश्न आहे. या निवडीचे निकष कसे घडले, याचा प्रस्तुत लेखात मागोवा घेतला आहे.

एरंडेलापासून ग्लायकॉलपर्यंत
माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये अमेरिकेत द्रवचलित ब्रेकचे पेटंट मिळवले. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक होते. १९२४ मध्ये क्रायस्लरने ते तुलनेने स्वस्त मोटारीत आणले. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. त्यामुळे एरंडेल तेल व अल्कोहोल यांचे मिश्रण रूढ झाले. म्हणजेच आरंभीची निवड रबराच्या सीलने ठरवली. परंतु अल्कोहोल लवकर उकळत असे. पुढे आलेले ग्लायकॉल-आधारित द्रव अधिक उष्णता सोसत. तथापि ते हवेतील ओलावा शोषतात व त्यांचा उत्कलनांक घटतो.

फ्रान्समधील सित्रोएन कंपनीने डीएस (१९५५) या मोटारीसाठी १९६६ मध्ये 'एलएचएम' हा ओलावा न शोषणारा खनिज द्रव स्वीकारला. त्यासाठी सीलचे रबरही बदलावे लागले.

मानके आणि आकड्यांचा भ्रम
अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या 'डॉट' मानकांनी नव्या व ओलावा शोषलेल्या द्रवाचे किमान उत्कलनांक निश्चित केले. डॉट ३ साठी ते अनुक्रमे २०५ व १४०, डॉट ४ साठी २३० व १५५, तर डॉट ५ साठी २६० व १८० अंश सेल्सिअस आहेत. मात्र हे आकडे म्हणजे गुणवत्तेची चढती शिडी नव्हे. डॉट ५ सिलिकॉनचा असून ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही. याउलट तेच किमान उत्कलनांक असलेला डॉट ५.१ ग्लायकॉल-आधारित आहे.

निष्कर्ष
सारांश, द्रवाचा उत्कलनांक आणि सीलशी त्याची सुसंगती, हे दोन्ही निकष एकत्रच पाहावे लागतात. मास्टर सिलिंडरच्या झाकणावर छापलेली सूचना हे त्याच अनुभवाचे सार होय. महाराष्ट्रात आजही या द्रवाला 'ब्रेक ऑइल' म्हणतात. एरंडेलाच्या काळी हे नाव सार्थ होते; आज ते शब्दशः घेऊन ग्लायकॉलच्या यंत्रणेत खनिज तेल ओतल्यास सील फुगून ब्रेकच निकामी होतात.