तीव्र व्यायाम आणि ऑक्सिडीकरणाचा ताण

शरीरात सतत तयार होणारी मुक्त मूलके (अतिशय क्रियाशील रेणू) आणि त्यांना आवर घालणारी संरक्षक यंत्रणा यांचा तोल मूलकांच्या बाजूने ढळला, की त्या अवस्थेला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. ही संज्ञा जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये रूढ केली. व्यायामाशी असलेला तिचा संबंध मात्र त्याआधीच लक्षात आला होता. थकून गळेपर्यंत धावलेल्या उंदरांच्या स्नायूंत आणि यकृतात मुक्त मूलके दोन ते तीन पटींनी वाढल्याचे केल्विन डेव्हिस, लेस्टर पॅकर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले.

जास्त श्वास, जास्त ऑक्सिजन, म्हणून जास्त मूलके, असा सरळ हिशेब बरीच वर्षे मांडला जाई. तो अपुरा ठरला. आकुंचन पावणाऱ्या स्नायूत ही मूलके मायटोकॉन्ड्रियापेक्षा मुख्यतः एनएडीपीएच ऑक्सिडेज या एंझाइमामुळे तयार होतात. श्रमानंतर काही तासांनी स्नायूत शिरणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांत भर घालतात.

खेळाडू आणि व्यायामाची सवय नसलेला माणूस यांची तुलना करताना अनेकदा गफलत होते. दोघांना एकाच वेगाने पळवले, तर नवख्याला ते जिवावरचे श्रम होतात आणि खेळाडूच्या अंगाला घामही फुटत नाही. म्हणून ज्याच्या त्याच्या क्षमतेच्या प्रमाणात श्रम देऊन मोजणेच योग्य. खेळाडूच्या शरीरातही मूलके तयार होतातच. फरक त्यांना तोंड देण्यात असतो. नियमित सरावाने सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही संरक्षक एंझाइमे वाढतात. त्यामुळे मूलकांमुळे होणारे पेशींतील मेदाचे ऑक्सिडीकरण तुलनेने कमी होते आणि रक्तातील या ताणाच्या खुणा लवकर ओसरतात. अर्थात तालमीत मुरलेल्या धावपटूंतही मॅरेथॉननंतर या खुणा चढलेल्या आढळतात.

ही एंझाइमे वाढवण्याचा इशारा पेशींना मिळतो तो मूलकांकडूनच. म्हणून गोळ्या घेऊन मूलके दडपण्याचा उत्साह अंगलट येऊ शकतो. मिखाएल रिस्टो यांच्या गटाने २००९ मध्ये व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी काहींना चार आठवडे रोज १,००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद गोळ्या न घेणाऱ्यांत सुधारला, घेणाऱ्यांत सुधारला नाही; आणि हे सराव असलेल्या व नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या तरुणांत दिसले.