काळवीट (मूळ प्रदेशाबाहेरील ओळख)

भारतीय उपखंडातील मूळचा, परंतु माणसाने अन्य खंडांतही नेलेला समखुरी सस्तन प्राणी (अँटिलोप सर्व्हिकाप्रा, पाहा : कुरंग). जालना जिल्ह्यासह मराठवाड्याच्या गवताळ माळरानांवर तो आढळतो. विसाव्या शतकात तो शिकारीसाठी अर्जेंटिना व टेक्सस (१९३२) येथे नेण्यात आला.

प्रौढ नर वरून गडद तपकिरी ते काळा व पोटाकडे पांढरा असतो. डोळ्यांभोवती पांढरे वलय आणि मळसूत्री, वलयांकित शिंगे या त्याच्या ठळक खुणा. मादी व तरुण नर पिवळसर तपकिरी असून मादीला बहुधा शिंगे नसतात. त्यामुळे इतर प्राण्यांशी घोटाळा होतो तो मुख्यतः तिच्याबाबतच. नर मात्र शिंगांवरून ओळखता येतो : टेक्ससमधील प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याच्या शिंगांना फाटा असतो व त्यांचे बाह्यावरण दरवर्षी गळते, काळविटाची शिंगे गळत नाहीत (पाहा : नीलगाय, हरिण).