आनपो: करार टिकला, पंतप्रधान गेले

महायुद्धानंतर, सप्टेंबर 1948 मध्ये जपानमधल्या विद्यापीठांच्या विद्यार्थी संघटनांनी एकत्र येऊन ‘झेनगाकुरेन’ हा देशव्यापी महासंघ उभारला. सुरुवातीला तो कम्युनिस्ट पक्षाच्या वळचणीला होता. पुढे पोरांना पक्षच मिळमिळीत वाटू लागला आणि डिसेंबर 1958 मध्ये जहाल गटाने ‘बुंद’ नावाची वेगळी चूल मांडली.

तेव्हा पंतप्रधान नोबुसुके किशी अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराची, म्हणजे ‘आनपो’ची, फेरमांडणी करत होते. किशी युद्धकाळात पंतप्रधान तोजोंच्या मंत्रिमंडळात होते. करार अशा माणसाने आणावा, हेच अनेकांना खुपत होते. 16 जानेवारी 1960 रोजी ते सहीसाठी वॉशिंग्टनला निघणार होते. आदल्या रात्री विद्यार्थ्यांनी हानेदा विमानतळाच्या उपाहारगृहात टेबलखुर्च्या रचून ठाण मांडले. किशी गेलेच.

खरा भडका उडाला 19 मे रोजी. संसदेत सभापतींची वाट अडवून बसलेल्या समाजवादी खासदारांना पोलिसांनी उचलून बाहेर काढले आणि मध्यरात्र उलटताच करार मंजूर झाला. तोवर वाद कराराचा होता, तो आता लोकशाहीचा झाला. कामगारांच्या जोडीला गृहिणी आणि दुकानदारही रस्त्यावर आले. 15 जूनला विद्यार्थी संसदेच्या दक्षिण दरवाजातून आवारात घुसले. त्या झटापटीत टोकियो विद्यापीठाची 22 वर्षांची मिचिको कानबा मरण पावली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा ठरलेला जपान दौरा रद्द करावा लागला. 23 जूनला करार अमलात आला आणि त्याच दिवशी किशींनी राजीनामा जाहीर केला.

सत्ताधारी उदारमतवादी लोकशाही पक्षाने यातून नेमका धडा घेतला. नवे पंतप्रधान हायातो इकेदा यांनी घटनादुरुस्तीचा विषय बासनात बांधला आणि दहा वर्षांत उत्पन्न दुप्पट करण्याचे आश्वासन दिले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत पक्षाला 296 जागा मिळाल्या. रस्ता विद्यार्थ्यांचा होता, मतपेटी नव्हती.

विद्यार्थी आंदोलनाची पुढची, 1968 ची लाट विद्यापीठांतूनच उठली. जानेवारी 1969 मध्ये सुमारे साडेआठ हजार पोलिसांनी दोन दिवस झुंजून टोकियो विद्यापीठाचे यासुदा सभागृह मोकळे केले. त्या वर्षी तिथली प्रवेशपरीक्षाच झाली नाही. ऑगस्टमध्ये सरकारने विद्यापीठांना चाप लावणारा कायदा केला. डिसेंबरच्या निवडणुकीत समाजवादी 140 वरून 90 वर घसरले. विद्यार्थी ज्यांना बुळे म्हणत, फटका त्यांनाच बसला. जून 1970 मध्ये आनपोची दहा वर्षांची मुदत संपली आणि तो आपोआप पुढे चालू राहिला. त्या वेळी पंतप्रधान होते एइसाकु सातो, किशींचे धाकटे भाऊ.