शंखी गोगलगाय कुणी आणली?
2022 च्या खरिपात लातूर-बीड भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली आणि हा जीव शेतकऱ्याचा जन्माचा वैरी ठरला. इतिहास मात्र आधी माणसाकडे बोट दाखवतो. ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची, पुढे मॉरिशसला पोहोचलेली. 1847 मध्ये शंखशिंपल्यांचे अभ्यासक विल्यम बेन्सन यांनी ती तिथून कलकत्त्यात आणली आणि चौरंगीतल्या एका बागेत तिला मोकळे रान मिळाले. विद्वानाची हौस, दुसरे काय!

रोप खाते ती कीडच, मग जुने कशाला उगाळायचे, असे कोणी म्हणेल. नुकसान खरेच आहे, जरी हीच गोगलगाय कुजका पालापाचोळाही खात असली. पण जुने विसरले की चूक पुन्हा होते. हवाईत 1955 मध्ये तिच्यावर उतारा म्हणून दुसरी, मांसाहारी गोगलगाय बाहेरून आणून सोडली. तिने झाडांवरच्या निरुपद्रवी स्थानिक गोगलगायींचाच फडशा पाडला. काही जाती नामशेष झाल्या. त्यापेक्षा गूळपाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधावर पसरावीत आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवाव्यात. नर्सरीतून कुंडी आणताना माती जरा उकरून पाहा. भिजल्या साबुदाण्यासारखी पिवळट अंडी दिसली, तर ती कुंडी घरी आणू नका.