शुऐबाचे गोडे पाणी

आखाती देश म्हटला की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर तेल येते. कुवेतची खरी गोष्ट मात्र पाण्याची आहे, किंवा पाणी नसण्याची म्हणा. इथे नदी नाही, तलाव नाही, आणि वर्षभराचा पाऊस आपल्या कोकणातल्या एखाद्या जोरदार दिवसाएवढा. जुन्या गावातल्या उथळ विहिरी वाढत्या वस्तीला पुरेनात, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शत्त अल-अरब नदीचे पाणी लाकडी गलबतांत भरून आणू लागले. किनाऱ्यावरून ते घरोघर नेणाऱ्या पाणक्याला 'कंदरी' म्हणत. खांद्यावर आडवा दांडा, दोन टोकांना दोन डबे. म्हणजे आपली कावडच की! १९३९ साली तर या पाण्याच्या वाहतुकीसाठी चक्क एक कंपनी निघाली.

पुढे तेलाचा पैसा आला आणि १९५३ साली शुवैख येथे समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करण्याचा सरकारी कारखाना सुरू झाला. क्षमता दिवसाला दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ४५ लाख लिटर. राजधानीच्या दक्षिणेला, सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या शुऐबात १९६० च्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९६५ साली तिथेही वीज आणि पाणी एकत्र तयार करणारे केंद्र सुरू झाले. १९७० नंतर शेजारी दुसरे केंद्र आले. १९९०-९१ च्या इराकी आक्रमणात जुने केंद्र उद्ध्वस्त झाले, ते पुढे नव्याने बांधावे लागले.

या कारखान्यातली युक्ती समजायला सोपी आहे. दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळते. म्हणून तापवलेले खारे पाणी एकापुढे एक अशा अनेक खोल्यांतून नेतात आणि प्रत्येक खोलीत दाब आधीच्यापेक्षा थोडा कमी ठेवतात. दर खोलीत थोड्या पाण्याची झटकन वाफ होते. ती थंड नळ्यांवर जमते आणि मीठ मागे राहते. वीज करून उरलेली वाफ इथे कामी येते, म्हणून वीज आणि पाणी एकाच कुंपणात.

आता गंमत पाहा. हे पाणी इतके शुद्ध असते की ते लोखंडी नळच खाऊ लागते. त्यात क्षार नसल्याने नळाच्या आतल्या बाजूला संरक्षक थर बसत नाही, मग जस्ताचा मुलामा जातो आणि तांबूस पाणी येते. शिवाय चवही लागत नाही. म्हणून त्यात जमिनीखालचे थोडे मचूळ पाणी मिसळतात आणि त्याची आम्लता सुधारतात. मगच ते 'हिलू' पाणी होते. अरबीत हिलू म्हणजे गोड, म्हणजे शब्दही आपल्यासारखाच.

ते साठवायला १९७० च्या दशकात स्वीडिश कंपनीने छत्रीसारख्या ३१ पट्टेदार टाक्या बांधल्या. १९७९ साली खुले झालेले प्रसिद्ध कुवेत टॉवर्सही मुळात याच योजनेचा भाग. पर्यटक तिथे फोटो काढतात, पण त्या निळ्या गोळ्यांत पाणी आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

एवढा खटाटोप करून पाणी इमारतीच्या दारात येते, आणि खरी परीक्षा तिथून पुढे असते. तळाची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी आणि खाली येणारे नळ हा शेवटचा टप्पा कारखान्याच्या हातात नसतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी हात भाजेल इतके तापते. म्हणून इथले लोक उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि घरातल्या गारव्यात त्यात निवलेले पाणी 'थंड' म्हणून वापरतात! युक्ती झकास आहे, पण लिजिओनेला नावाच्या जंतूला साधारण २५ ते ४५ अंशांचे साचलेले पाणी फार आवडते. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर या जंतूने तिसाच्या आसपास बळी घेतले, तेव्हा तो जगाला माहीत झाला. म्हणून गरम पाण्याची साठवण ६० अंशांवर ठेवावी, टाकी सावलीत असावी आणि पाणी फार काळ पडून राहू नये, असे नियम आले.

कुवेतमध्ये आणखी एक भानगड आहे. बऱ्याच घरांना दोन जोडण्या असतात, एक गोड्या पाण्याची आणि एक बागेसाठी मचूळ पाण्याची. या दोन्ही कुठेही एकमेकींना मिळता कामा नयेत. मध्ये झडप आहे आणि ती बंद आहे, एवढे पुरत नाही. झडप झिजते, नाहीतर कोणीतरी उघडते. नळातला दाब गेला की पाणी उलटे ओढले जाते, बादलीत बुडालेल्या पाइपातूनसुद्धा. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी हॉटेलांतल्या अशाच सदोष जोडण्यांमुळे अमीबाची हगवण पसरली आणि ९८ माणसे दगावली. यावरचा उपाय म्हणजे हवेची मोकळी जागा. टाकीत पाणी सोडणाऱ्या नळाचे तोंड टाकी वाहू लागण्याच्या पातळीच्या वर ठेवायचे, निदान नळाच्या व्यासाच्या दुप्पट अंतरावर. हवेतून पाणी उलटे चढत नाही.

हे सगळे इतक्या दुरून सांगण्याचे कारण असे की आपल्या सोसायट्यांतही आता दोन-तीन प्रकारचे पाणी येते. महापालिकेचे पुरेना तर बोअरचे, तेही आटले तर टँकरचे, आणि बहुतेक ठिकाणी सगळे एकाच टाकीत. शिवाय आपल्याकडे पाणी ठरावीक वेळच येते. उरलेल्या वेळी नळ रिकामा असतो आणि शेजारच्या गटाराचे पाणी फटीतून आत शिरते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हाही संशय पाण्यावरच गेला होता.

तेव्हा पुढच्या सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या भांडणाआधी तीन प्रश्न विचारा. बोअरची आणि पिण्याची लाइन कुठे जोडलेली आहे का? तळाच्या टाकीत नळाचे तोंड पाण्यात बुडते का? आणि टाकीचे झाकण घट्ट आहे का, ती शेवटची कधी धुतली? उत्तरे कोणालाच ठाऊक नसतील, तर त्याच दिवशी प्लंबरला सोबत घेऊन टाकीपर्यंत जाऊन या.