राशींचें नामकरण

संगणकासाठीं आज्ञावली लिहिणारास गणितांतील प्रत्येक राशीला कांहीं तरी नांव द्यावें लागतें. तें नुसतें ‘क्ष’ असावें कीं सबंध ‘वस्तुमान’, हा वाद नवा वाटला तरी त्याचें मूळ फार जुनें आहे.

खानदेशांत, चाळीसगांवाजवळच्या पाटण येथील शिलालेखांत ज्यांचें कूळ नोंदलेलें आहे, त्या भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत ‘बीजगणित’ रचिलें. त्यांत पहिली अव्यक्त राशि ‘यावत्तावत्’. पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशीं रंगांचीं नांवें. मांडणींत मात्र या, का, नी, पी एवढींच आद्याक्षरें येत. उच्चारायला नांव पूर्ण, लिहायला आंखूड! पण रंगावरून राशि कशाची हें कळत नाहीं. म्हणून रत्नांच्या उदाहरणांत त्यांनीं माणिक्याला ‘मा’, मुक्ताफलाला ‘मु’ अशीं वस्तूंचींच अक्षरें घेतलीं आहेत. इंद्रनीलाला अर्थातच ‘नी’. तो ‘नी’ नीलकाचा नव्हे, हें वाचणारानें संदर्भावरून ओळखावयाचें.

युरोपांत देकार्तनें १६३७ सालीं अज्ञातांस वर्णमालेच्या शेवटचीं अक्षरें दिलीं व ज्ञातांस आरंभींचीं. कागदावर एकाक्षरी नांव शोभतें, कारण शेजारींच ‘क्ष म्हणजे अमुक’ असें वाक्य असतें. यंत्राला त्या वाक्याची गरज नसते, म्हणून लिहिणारा तें गाळतो, आणि वर्षभरानें ती आज्ञावली दुरुस्त करावयास बसलेला मनुष्य अंधारांत चांचपडतो. दोन ओळींचें सूत्र असेल तर अक्षर पुरे. अनेक पानें प्रवास करणाऱ्या राशीला पूर्ण नांव हवें, असें माझें मत आहे.

परंतु पूर्ण नांव देणेंहि एके काळीं धोक्याचें होतें. १९५७ सालीं जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आय्. बी. एम्. ७०४ या यंत्रासाठीं ‘फोर्ट्रान’ भाषा सिद्ध केली. तींत नांव फार तर सहा अक्षरांचें. शिवाय इंग्रजी ‘आय्’पासून ‘एन्’पर्यंतच्या अक्षरांनीं आरंभ होणारी राशि पूर्णांकच धरली जाई, गणिती लोक क्रमांकांसाठीं हींच अक्षरें वापरीत ना! आतां वस्तुमानाचें इंग्रजी नांव ‘मास’ किती स्वच्छ. पण तें ‘एम्’नें सुरू होतें. त्यांत २.७५ ठेवावे तर उरत २, आणि पाऊण भाग निमूटपणें गळून जाई. म्हणून लोक आधीं एक अक्षर चिकटवून ‘एक्स्मास’ लिहीत. नाताळची आठवण होते ती वेगळीच. ‘फोर्ट्रान ९०’मध्यें नांवाची मर्यादा ३१ अक्षरांवर गेली, व तो जुना नियम बंद करण्याची आज्ञाहि प्रमाण भाषेंत आली.