वांदरांक आचारसंहिता कोण सांगतलो?

मंडळी, निवडणूक जाहीर झाली की आमच्या सिंधुदुर्गात एक दृश्य हमखास दिसतं. पोलीस ठाण्याबाहेर साठी-सत्तरीतले बागायतदार उभे असतात. काखेत गोणपाटात गुंडाळलेली लांब वस्तू, हातात प्लास्टिकच्या पिशवीत परवाना. ठासणीच्या बंदुका जमा करायला आलेली ही माणसं. मागच्या खेपेला मीही त्या रांगेत होतो. माझ्यापुढचे काका हवालदाराला म्हणाले, "सायबानू, बंदूक घेवा. पण वांदरांक आचारसंहिता कोण सांगतलो?" हवालदारालाही हसू आवरलं नाही.

हसून झालं, पण प्रश्न तसाच राहिला. लोकसभा आली की काजू-आंब्याचा हंगाम, विधानसभा आली की भातकापणी. नेमक्या त्याच दिवसांत बंदूक ठाण्यात आणि माकडं बागेत. तेव्हापासून डोक्यात होतं की या बंदुकीबद्दल एकदा सविस्तर लिहावं. आजकालच्या पोरांना ती फक्त दसऱ्याला झेंडूची माळ घातलेली माहीत असते.

आधी ती चालते कशी ते सांगतो. काडतुसाची बंदूक मागून उघडते, ठासणीची पुढून भरतात. नळी उभी धरायची, मापाने दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी घोड्याखाली छोटी तांब्याची टोपी बसवायची, जिला आपल्याकडे केप म्हणतात. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी नळीत जाते आणि बार होतो. पुढचा काही वेळ धुराशिवाय काही दिसत नाही. सवयीच्या माणसालाही दुसरा बार भरायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. तोवर माकड शेजारच्या कलमावरून आपल्याकडे बघत बसलेलं असतं. खरं तर बहुतेक वेळा आम्ही छर्रे घालतच नाही. नुसता दारूचा बार हवेत काढला की टोळी दोन दिवस फिरकत नाही, एवढंच काम.

माझी बंदूक आजोबांच्या वेळची. ती आमच्या बाजारपेठेतल्या एका कारागिराने घडवलेली. त्यांच्या मुलाला मी पाहिलंय, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पंचक्रोशीत बंदुकीचं काही बिघडलं की आबांकडे. दुकान म्हणजे भाता, ऐरण, एक कानशींची फळी आणि भिंतीवर परवाना. आबा बंदूक हातात घेऊन आधी घोडा मागे ओढायचे आणि कान लावून आवाज ऐकायचे. त्यावरून कमान किती दमली ते सांगायचे. मी कॉलेजात असताना वडिलांनी मला त्यांच्यापुढे बसवलं. मी दारू जरा सढळ हाताने ओतली तेव्हा ते म्हणाले, "झिला, दारू कमी घाल, पण गज नीट मार. मधी पोकळ ऱ्हवली तर नळी फुटतली आणि तुझो हात जातलो." हे शंभर टक्के खरं आहे. दारू आणि गोळी यांच्यात मोकळी जागा राहिली तर चांगली नळीसुद्धा फुगते किंवा फाटते. ठासणीच्या बंदुकीचे कित्येक अपघात याच चुकीतले.

दुरुस्त केलेली बंदूक आबा कधी थेट गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. चिरेखाणीत नेऊन झाडाला करकचून बांधायचे, नेहमीपेक्षा जड बार भरायचे, चापाला सुतळी बांधून लांब चिऱ्यांच्या आडून ओढायचे. असे दोन बार निघाले आणि नळीला कुठे तडा नाही असं दिसलं की मगच पैसे. बर्मिंगहॅमला १८१३ सालापासून बंदुकांची अशी चाचणी घेणारी खास संस्था आहे, पास झालेल्या नळीवर शिक्का बसतो. आबांचा शिक्का म्हणजे आबांचा शब्द.

आता कोणी म्हणेल, कोकणातल्या बाजारपेठेत बंदूक घडवणारा कारागीर आला कुठून? याचं उत्तर आपल्या शेजारी गोव्यात आहे. पोर्तुगीजांनी १५१० साली आदिलशाहीकडून गोवा घेतला, तेव्हा तिथे बंदुका घडवणारे कसबी लोक आधीपासून काम करत होते. आल्बुकर्कने १५१३ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र पाठवून कळवलं की गोव्याचे कारागीर बोहेमियातल्या बंदुकांच्या तोडीच्या बंदुका करतात. बोहेमिया म्हणजे त्या काळी युरोपातलं नावाजलेलं ठिकाण. आपल्याला शाळेत शिकवलं की बंदूक गोऱ्यांनी आणली. अर्धं खरं आहे ते. पण पाचशे वर्षांपूर्वी गोव्यातल्या भट्टीवरचा माणूस त्यांच्या बरोबरीने नळी ओढत होता, आणि ही कबुली खुद्द जिंकणाऱ्याने लिहून दिली आहे. पुढे १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर पहिली बंदूक पोचली. तिची धाटणी गोव्याकडची होती असं मानणारे अभ्यासक आहेत.

ती तोड्याची बंदूक. जळता तोडा म्हणजे सुतळीची वात हातात सांभाळायची आणि रंजकाला लावायची. आपल्या पावसात तिचं काय होत असेल याची कल्पना करा. पुढे गारगोटीची, म्हणजे चकमकीची बंदूक आली. इथे आपल्या तळकोकणाचा उल्लेख येतो. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला. शिवकाळाबद्दल लिहिताना तो मावळे आणि हेटकरी असा फरक करतो. हेटकरी म्हणजे आपण, दक्षिण कोकणातली माणसं. मावळे तलवारीचे, आणि हेटकरी नेमबाज असं तो सांगतो. चकमकीचा घोडा पोर्तुगीजांकडून कोकणात फार लवकर पोचला असावा, असंही त्याचं मत आहे. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींबद्दल आपण भरभरून बोलतो, हेटकऱ्यांची आठवण कोणी काढत नाही. असो.

कारखाने घाटावरही होते आणि उत्तरेतही. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस बंदुका करून घेत होता. विलायती मालाच्या तोडीची बंदूक दहा रुपयांत पडत असे, अशी नोंद आहे. बिहारात मीर कासिमने १७६२ च्या सुमारास राजधानी मुंगेरला हलवली आणि तिथे शस्त्रांचा कारखाना काढला. मुंगेरचं नाव बंदुकीशी आजही जोडलेलं आहे, चांगल्या अर्थाने आणि वाईटही.

मग टोपी. १८०७ साली फोर्सिथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याने आपटल्यावर पेट घेणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं. कारण असं सांगतात की चकमकीचा जाळ दिसताच पक्षी उडून जायचे आणि पाद्रीबुवांची शिकार हुकायची! त्यातूनच पुढे तांब्याची टोपी निघाली. भर पावसात वाजेल अशी बंदूक कोकणाला तेव्हा मिळाली.

इथून पुढचा भाग महत्त्वाचा आहे, तेवढा तरी वाचा.

१८५७ च्या उठावातली एनफिल्ड आपल्याला काडतुसाच्या चरबीमुळे माहीत आहे. पण तीही ठासणीचीच होती. कागदी पुडी दाताने फाडून दारू नळीत ओतायची, म्हणून तर दाताचा प्रश्न आला. फरक एवढाच की ती रायफल होती. म्हणजे नळीच्या आत पिळदार खाचा. त्या खाचांमुळे गोळी भिंगरीसारखी फिरत जाते आणि लांबवर सरळ राहते. आमची बंदूक आतून गुळगुळीत. तिची एकगोळी चाळीस-पन्नास पावलांपुढे कुठे जाईल हे ती गोळीच जाणे.

उठाव मोडल्यावर इंग्रजांनी काय केलं? हिंदी शिपायांसाठी तीच एनफिल्ड ठेवली, पण नळीतल्या खाचा काढून टाकल्या. दिसायला तशीच बंदूक, नेम मात्र गेलेला. गोऱ्या पलटणीकडे मागून भरायची बंदूक आली तरी हिंदी पलटणीला ठासणीचीच. एक पायरी मागे ठेवायचं हे उघड धोरण होतं. आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना त्यातून सूट. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला होता. अहिंसेच्या गांधीजींनीसुद्धा जानेवारी १९३० मध्ये सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या तेव्हा मिठाच्या कराबरोबर स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्या ही मागणी त्यात होती. हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला, १९६२ पासून लागू. त्याचं तेरावं कलम काढून बघा. प्रामाणिकपणे पीक राखण्यासाठी कोणी ठासणीची बंदूक मागितली, तर बाकी काही आक्षेप नसल्यास परवाना द्यायचाच आहे, असं त्यात आहे. ठासणीची बंदूक असा नावानिशी उल्लेख आहे संसदेच्या कायद्यात! आमच्या पडवीतल्या वस्तूची एवढी पत असेल असं मला वाटलं नव्हतं. अर्थात यामागचा हिशोब तोच जुना आहे. अर्ध्या मिनिटाला एक बार काढणारी, गुळगुळीत नळीची, धुराने स्वतःची जागा दाखवणारी बंदूक शेतकऱ्याच्या हातात असली तर सरकारची झोप उडत नाही. मला त्यात गैर वाटत नाही. माझ्या बागेला रायफल नकोच आहे.

मग जी बंदूक धोकादायक नाही म्हणूनच आम्हाला दिली, ती निवडणुकीत धोकादायक कशी होते? आयोगाच्या सूचना पाहिल्या तर प्रत्येक परवानाधारकाचं प्रकरण छाननी समितीने तपासायचं आहे. गुन्हा नोंद असलेला, जामिनावर सुटलेला, पूर्वी दंगलीत सापडलेला, अशांची शस्त्रं जमा करा. सरसकट सगळ्यांना नोटीस धाडू नका, असं न्यायालयांनीही सांगितलेलं आहे. प्रत्यक्षात गावातल्या यादीवरून सगळ्यांना फोन जातो. पोलिसांचीही अडचण समजते, माणसं कमी, कामं जास्त.

बाजू दुसरीही आहे, ती लपवत नाही. कोकणात विनापरवाना गावठी ठासण्या आहेत. रात्री बॅटऱ्या लावून डुकराच्या शिकारीला जातात आणि झाडीत हललं ते डुक्कर समजून आपल्याच सोबत्याला गोळी घालतात. अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. त्या बंदुका कोणी ठाण्यात आणून देत नाही. रांगेत उभे राहतात ते परवानावाले. आणि परवाना म्हणजे रानडुकराला गोळी घालायची मुभा नव्हे, त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते, हेही कित्येकांना ठाऊक नसतं.

कर्नाटकात कोडगूच्या लोकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे, २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली. आम्ही सूट मागत नाही. छाननी करा आणि ज्याच्यावर काही नाही त्याची बंदूक हंगामात त्याच्याकडे राहू द्या. ज्याची ठेवून घ्याल ती कोरड्या जागी ठेवा. आणि वारसाच्या अर्जावर वेळेत हो किंवा नाही सांगा. परवानाधारक वारला, किंवा सत्तरी गाठली, किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगली, तर वारसाला अर्ज करता येतो असं २०१६ च्या नियमांत आहे. माझे वडील गेले तेव्हा माझ्या अर्जाला जो वेळ लागला तेवढ्यात शेजारच्या दोघांनी कंटाळून आपल्या बंदुका कायमच्या जमा करून टाकल्या. त्यांच्या भाताची आता निम्मी कापणी डुकरं करतात.

आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगा गोव्यात एका कंपनीत आहे, दुकानाचा परवाना त्याने पुढे चालवला नाही. त्याला दोष देता येणार नाही. जिथे नवी बंदूक घडवायची नाही, जुन्या कमी होत चालल्यात आणि कागद मात्र तेवढेच लागतात, तिथे पोट कसं भरणार? भाता भंगारात गेला. ऐरण अजून त्यांच्या मागील दारी आहे, तिच्यावर कपडे आपटतात.

निकाल लागल्यावर मी माझी बंदूक परत आणली. ठेवली होती ती भिंत ओलसर, त्यामुळे नळीत आणि घोड्याच्या आत गंज. ठासणीच्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते, म्हणून बार काढल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन खोबरेल लावायचं हा आबांचा नेम होता. जमा करायच्या घाईत माझ्याकडून तेही राहिलं, ती चूक माझी. आता दोन दिवस खपून नळी बरीचशी साफ केली. पण घोडा मागे ओढला की आवाज बद्द येतोय, कमान दमली असणार.

तर मंडळी, घोड्याची कमान बसवून देणारा परवानाधारक कारागीर आपल्या जिल्ह्यात किंवा कोल्हापूर-बेळगावकडे अजून कोणी असेल, तर कृपया कळवा. काजू मोहरायच्या आत काम व्हायला हवं.